विरजणबाईंची धाकटी

विरजणबाईंना कारखान्यात कुणी हसताना पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा, असं गोदामवाला जेवणाच्या सुट्टीत म्हणायचा आणि कुणाचाच हात वर जायचा नाही. बाई स्वभावाने वाईट होत्या असं नाही हो. पण सकाळी येतानाच कपाळावर आठी घेऊन यायच्या आणि संध्याकाळी तीच आठी घरी घेऊन जायच्या. त्यांचं कामच तसं होतं. ज्यांना हात नाहीत, पाय नाहीत, जे डोळ्यांना दिसत नाहीत आणि मेले तरी सांगत नाहीत, अशांना जिवंत ठेवायचं काम! तुम्ही करून बघा आणि मग हसून दाखवा.

कारखाना लहानसाच. तिथे पोट बिघडलेल्या माणसासाठी पुड्या बनायच्या. पुडी फोडायची, पाण्यात टाकायची, पिऊन टाकायची. आत सुकवलेले जंतू असायचे. जंतू म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण हे गुणाचे जंतू, पोटात जाऊन घडी बसवणारे. सगळी गंमत ते जिवंत असण्यात होती. जिवंत असतील तर औषध, मेले असतील तर नुसती गोडसर भुकटी, जीभ लावून बघण्यापलीकडे उपयोग शून्य. कारखान्यातले सगळे जंतू ज्या मूळ वाणातून वाढवायचे, तो वाण बाईंच्या ताब्यात. म्हणून त्या विरजणबाई. खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं.

आणि हा वाण आला कुठून? बाईंच्याच घरातून. त्यांची मुलगी तान्ही असताना सगळ्या गल्लीतली मुलं जुलाबाने हैराण झाली होती. एकही घर सुटलं नाही. बाईंची पोर मात्र दूध पीत होती, झोपत होती आणि मजेत पायातला वाळा चोखत होती. बाई तेव्हा प्रयोगशाळेत नव्यानेच लागल्या होत्या, डोक्यात पुस्तकं ताजी होती. त्यांनी पोरीचं दुपटं, भरलेलं बरं का, डब्यात घातलं आणि कामावर नेलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "लोक लेकराचे फोटो जपतात, आणि आमची सून बघा काय जपतेय!" पण त्या दुपट्यातून बाईंनी असा एक जंतू वेगळा काढला की ज्याचं नाव ते. आंबटात टिकायचा, पित्तात टिकायचा, गोठवून सुकवला तरी पाणी लागताच जागा व्हायचा. साहेबांनी त्याच्यावर पुडी काढली, पुडीवर कारखाना उभा राहिला. जंतूला सगळे 'धाकटी' म्हणू लागले. बाईंना मुलगी एकच, पण धाकटी आहे म्हटल्यावर तिला थोरली म्हणणं आलंच. एकुलती एक असून थोरली म्हणवून घेणारी ती जगातली एकटीच मुलगी असावी.

तर या धाकटीवर संकट आलं. पुड्या विकत घेणाऱ्या एका मोठ्या दुकानदाराने मुदत संपत आलेल्या काही पुड्या बाहेर तपासून घेतल्या. आत जिवंत असं फारसं कुणी सापडलं नाही. साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब ओरडणारे नव्हते, आणि तेच वाईट होतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

"बाई, पुढची खेप मुदतीपर्यंत टिकली तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर आपण बाहेरचा वाण घेऊ. हल्ली तयार मिळतो, गोठवलेला येतो, डोक्याला ताप नाही."

"आणि धाकटी?"

"ठेवा की तुमच्याकडे. आठवण म्हणून."

बाई रागारागाने बाहेर आल्या. आठवण म्हणून ठेवायला ती काय भिंतीवरचा फोटो आहे? तिला खाणं लागतं, ऊब लागते, थंडी लागते, आणि ते सगळं या कारखान्याच्या विजेवर चालतं. कारखान्याने सोडली की धाकटी गेली. हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, एवढंच.

मग बाईंनी शोध घ्यायला सुरुवात केली. शोध कसला, शिकारच म्हणा! आपली धाकटी अशी मरणारी नव्हे, वाटेत कुणीतरी तिला मारतंय, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. थर्मामीटर पर्समध्ये टाकून त्या निघाल्या.

पहिला सापडला गोदामवाला. थंड खोलीचं दार पायाने अडवून हा गडी फोनवर बायकोशी बोलत उभा. आतली थंडी बाहेर, बाहेरची ऊब आत, आणि याचं आपलं 'हो गं, आणतो गं' चालू.

"दार!" बाई ओरडल्या.

"बाई, आत फोनला रेंज येत नाही हो, आणि बाहेर थांबलो तर तुम्हीच म्हणता जागेवर नाही."

"तुमच्या रेंजपायी माझे जंतू मरतायत!"

"मला तर सगळे झोपलेलेच दिसतायत," गोदामवाला म्हणाला. त्याने हे म्हणायला नको होतं. बाई तडक साहेबांकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी गोदामवाल्याची बदली फाटकावर झाली, पेट्या चढवायला. उन्हात.

मग गाडीवाला. तो चढ आला की गाडीतली थंडी बंद करायचा. "दोन्ही एकदम ओढत नाही हो इंजिन. एक तर गाडी चढेल नाहीतर थंडी राहील. तुम्हीच सांगा काय करू?" बाईंना सांगता येईना, म्हणून त्या आणखी चिडल्या.

मग औषधांची दुकानं. एका दुकानात फ्रीज गच्च भरलेला होता, सगळ्या थंड पेयांच्या बाटल्या, आणि पुड्या फ्रीजच्या डोक्यावर, जिथे हात ठेवला तर चटका बसावा.

"आत का नाही ठेवल्या?"

"आत जागा नाही हो मॅडम. पण फ्रीजच्या जवळ आहेत की!"

आता या माणसाला काय म्हणायचं? बाईंनी त्याला ऊब म्हणजे काय, ओल म्हणजे काय, सुकवलेला जंतू कसा झोपतो आणि अर्धवट जागा झाला की कसा मरतो, हे सगळं समजावलं. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे थंड पेयं बाहेर ठेवू म्हणता? ती कोण घेईल मग?" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! बाई घरी आल्या त्या डोकं धरून.

घरी त्यांनी एक काम मात्र चोख केलेलं होतं. दुकानदाराने नापास केलेल्या खेपेतल्याच पुड्यांचा एक डबा त्यांनी पहिल्या दिवसापासून घरच्या फ्रीजमध्ये ठेवला होता. डबा हवाबंद, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या. त्या कप्प्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. भाजी बाहेर सुकली तरी चालेल. "मला बाहेर झोपवलंस तरी मी काही म्हणणार नाही," नवरा म्हणायचा, "पण निदान दुधाला आत घे." बाईंचा बेत असा, की नीट जपलेल्या पुड्या तपासायच्या, जिवंत जंतू साहेबांच्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचं, बघा, माझ्या पोरीत खोट नाही, तुमच्या माणसांत आहे.

त्यांनी पुड्या फोडल्या, पातळ केल्या, तबकड्यांवर पसरल्या आणि तबकड्या उबेत ठेवल्या. एका जिवंत जंतूमागे एक पांढरा ठिपका उगवतो, हा हिशोब. ठिपके उगवले की मोजायचे. बाईंनी झाकण उचललं आणि त्यांना वाटलं, आपण चुकीची तबकडी काढली. इथे एक, तिथे एक, बाकी मैदान मोकळं. त्यांनी पुन्हा केलं. चूक आपल्या हाताची असेल म्हणून तिसऱ्यांदा केलं. तेच.

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी एक बाई होती, विरजणबाईंच्याच वयाची, त्यांची एकुलती एक मैत्रीण. सगळे तिला काचवाली म्हणत. तिने तबकडीत डोकावून पाहिलं.

"हे घरच्या फ्रीजमधलं ना?"

"हो."

"मग आता त्या फ्रीजची बदली कुठे करायची?"

एरवी बाई तिच्यावर खेकसल्या असत्या. त्या दिवशी स्टुलावर बसून राहिल्या. दुकानं पालथी घातली, गाडीवाल्याशी भांडल्या, एका माणसाला उन्हात उभं केलं, आणि दुखणं कुठे निघालं? काखेत कळसा! म्हणजे पुड्या बाहेर पडतानाच कच्च्या होत्या. बाईंनी मग त्याच आठवड्यात सुकवलेली ताजी भुकटी तपासली. सुकवण्याआधी बाटलीत धाकटी दाट, गढूळ, जोमात. सुकवून बाहेर काढली की निम्म्याहून जास्त गारद. पूर्वी असं होत नसे. पूर्वी ती सुकवणं हसत सोसायची. म्हणजे धाकटीच बदलली होती.

आणि का बदलली हे बाईंना, दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त, माहीत होतं. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्या टेबलावर हात आपटून तेच शिकवायच्या: मूळ वाण सुरुवातीलाच लहान लहान कुप्यांमध्ये भरा, खोल गारठ्यात टाका आणि विसरून जा. लागेल तेव्हा एक कुपी काढा, तिच्यापासून चार पिढ्या वाढवा आणि मग ती सगळी टाकून द्या. पुन्हा लागली, पुन्हा नवी कुपी. तीच बाटली पुढे पुढे नेत राहू नका. रोज आयतं गोड खाणं मिळालं की जंतूंमध्ये भराभर खाणारे तेवढे पुढे जातात आणि सोसणारे मागे पडतात. वरवर सगळं झकास दिसतं आणि आतून वाण मऊ पडत जातो. प्रत्येक वाणाला हा नियम होता. फक्त धाकटीला नव्हता.

कारण धाकटीच्या मूळ कुप्या मूठभरच होत्या. त्या संपल्या तर? आणि गारठ्यातली कुपी ही अशी वस्तू, की ती जिवंत आहे का मेली हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडली की ती संपली. बाईंना ते सहन व्हायचं नाही. त्यापेक्षा समोरची बाटली बरी. दर सोमवारी जुन्या बाटलीतला थेंब नव्या खाण्यात सोडायचा, उबेत ठेवायचं, आणि मंगळवारी सकाळी गढूळ झालेली बाटली उजेडात धरून बघायची. आहे! जगतेय! तो एक क्षण बाईंच्या कपाळावरची आठी थोडी सैल व्हायची, पण तेव्हा बघायला कुणी नसायचं. असे किती सोमवार गेले. सासरे आजारी होते तेव्हा गेले, बाईंचं स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हाही गेले. पलंगावरून काचवालीला फोन करून त्यांनी थेंब घालून घेतला होता. 'खाऊ घातलास ना?' असं त्या विचारायच्या आणि शेजारच्या पलंगावरची बाई समजायची, घरी लहान मूल आहे. मूळ कुप्यांना मात्र त्यांनी हात लावला नव्हता. राखून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते कधी ठरलंच नाही.

आता दुसरा मार्ग नव्हता. खोल फ्रीजरच्या तळाचा खण बर्फाने चिकटून बसला होता. बाईंनी तो हाताने ओढला, मग पाय लावून ओढला, मग त्याला शिव्या घातल्या. काचवालीने रबरी हातोडी आणली. खण निघाला. कुप्यांवर पांढरी साय धरल्यासारखा बर्फ गोठलेला. बाईंनी एक कुपी कोमट पाण्यात धरली, विरघळली तशी खाण्यात सोडली आणि उबेत ठेवली.

सकाळी बाटली स्वच्छ. आरपार दिसत होतं. त्यांनी आणखी एक रात्र दिली. तशीच स्वच्छ. कुपीचं झाकण नीट पाहिलं तर त्याला बारीक तडा गेलेला होता.

"राखून राखून काय राखलं मी?" बाई ओरडल्या. "झाकणं! फुटकी झाकणं!" त्यांनी ती बाटली आपटलीच असती, पण काचवालीने हातातून काढून घेतली. धुवायची तिलाच होती.

दुसरी कुपी सोडली तेव्हा बाईंनी आशा धरली नव्हती. निदान काचवालीला त्यांनी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटली स्वच्छ. तिसऱ्या दिवशीही स्वच्छच, पण बाईंनी ती उजेडात हलवली तेव्हा तळातून धुरासारखी एक रेघ उठली. आधी त्यांना आपल्या चष्म्यावरचा डाग वाटला. त्यांनी चष्मा पुसला. रेघ तिथेच. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला, आणि आखूड, जाड, जोडीजोडीने बसलेल्या काड्या दिसल्या. धाकटीच! बाई भिंगावरून डोळा काढेनात. "मान आखडेल तुझी," काचवाली म्हणाली, तरी काढेनात.

मग त्यांनी दोन्ही एकाच दिवशी सुकवल्या: एक कुपीतली आणि एक सोमवारच्या बाटलीतली. खाणं तेच, सुकवताना घालायची साखर तीच, यंत्र तेच. भुकट्या मुद्दाम उबेच्या कपाटात ठेवल्या, म्हणजे मुदतीचा सगळा त्रास लवकर उरकेल. कपाट उघडायचा दिवस आला. कुपीतल्या धाकटीची तबकडी ठिपक्यांनी भरून गेली होती, मोजताना बाईंची बोटं चुकत होती. सोमवारच्या धाकटीची तबकडी कोरी होती. एकही ठिपका नाही.

बाई साहेबांकडे गेल्या. "धाकटी टिकते," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती. मीच तिला पुढे पुढे नेत राहिले."

साहेबांनी तबकडी पाहिली, खूश झाले. "मग झालं तर! वाण राहिला, पुढची खेपही टिकेल. चूक कुणाची याला आता काय महत्त्व?"

"फाटकावर जो माणूस पेट्या उचलतोय त्याला विचारा, महत्त्व आहे का ते," बाई म्हणाल्या. "त्याला आत घ्या. आजच."

आणि त्या स्वतः फाटकावर गेल्या. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "पुड्या तुमच्यामुळे खराब झाल्या नाहीत. मी तुमच्यावर उगाच खापर फोडलं. चुकले मी."

गोदामवाला गडबडला. एवढं ऐकायची त्याला सवय नव्हती. "अहो बाई, दार तर मी उघडं ठेवत होतोच."

"ते मी विसरलेले नाही! पुन्हा दिसलात तर बघा!" बाई म्हणाल्या, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

राहिलं एकच काम. एका प्रयोगशाळेत दोन धाकट्या ठेवता येत नाहीत. दिसायला सारख्या, वासाला सारख्या, एक थेंब इकडचा तिकडे झाला की सगळं मुसळ केरात. सोमवारच्या बाटल्या जायला हव्या होत्या. टाकाऊ जंतू नुसते ओतून देत नाहीत, वाफेच्या यंत्रात उकळून मारतात आणि मग टाकतात. मोठा कुकरच तो.

"मी लावते," काचवाली म्हणाली. "तू जा घरी."

"नको. मीच लावते."

बाईंनी बाटल्या एकेक करून जाळीत रचल्या. सगळ्या दाट, गढूळ, टवटवीत. आजारी अशी एकही नव्हती, हेच तर वाईट होतं. शेवटची बाटली त्यांनी सवयीने उजेडात धरली आणि पटकन खाली ठेवली. झाकण आवळलं, बटण दाबलं. वाफ शिरल्याचा आवाज सुरू झाला तशा त्या बाहेर येऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं, आणि जंतूंसाठी रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

घरी पोहोचल्या तेव्हा थोरलीने दार उघडलं. नवरा अजून आला नव्हता. थोरलीने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"गेली का धाकटी?"

"वाचली," बाई म्हणाल्या. "कारखान्यात राहणार. साहेब खूश आहेत."

"मग रडलीस कशाला?"

बाई खुर्चीत बसल्या. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. "जिला मी जन्मभर खायला घातलं, तिला आज माझ्या हाताने उकळून आले. आणि जिला कधी हात लावला नाही, ढुंकून बघितलं नाही, ती जगली. मग मी इतकी वर्षं काय करत होते गं?"

थोरलीने आईच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली, आत गेली, भात गरम केला, ताट वाढून आणलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. बाईंनी ताटाकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"तू जेवलीस का?"

"आई!" थोरली ओरडली. "तू जेव!"